वादळाची धास्ती घेतलेली मी ज्वालामुखी बघायला गेले, त्याबद्दल

पोफळीची_राई

बरेच दिवस इथे फक्त वाचते आहे, आज पहिल्यांदाच धागा काढते आहे. लांबलं तर समजून घ्या.

श्रीवर्धन तालुक्यातल्या एका लहान गावात माझं सासर. आमच्या आगरातून, म्हणजे सुपारीच्या (पोफळीच्या) बागेतून, समुद्र पाच मिनिटांवर. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा घरात मी, सासूबाई, मामंजी आणि गोठ्यात दोन म्हशी. मिस्टर लॉकडाऊनमुळे मुंबईत अडकलेले, लेक पुण्यात. आदल्या दिवशी पोलीस पाटील घरोघर फिरून सांगून गेले होते की उद्या कोणी घराबाहेर पडायचं नाही, जनावरांची दावी सोडून ठेवा. आम्ही सोडली.

साडेअकराच्या सुमारास वारा चढला. पोफळीला वाऱ्याची सवय असते, ती वाकते आणि उभी राहते, म्हणून पहिला तासभर आम्हाला धीर होता. मग एकेक मोडायला लागली. पोफळ मोडतानाचा आवाज ज्याने ऐकला त्यालाच कळेल. ओली काठी गुडघ्यावर मोडावी तसा, पण भिंत हादरेल एवढा मोठा. आधी डोंगराकडून वारा होता, मग फिरला आणि समुद्राकडून आला. त्यात उरलेली गेली. सासूबाई माजघरात पाटावर बसून मोजत होत्या. शंभरापुढे त्यांनी मोजणं सोडलं.

गोठ्याचं दार आपटत होतं. मामंजी म्हणाले, "एवढं दार लावून येतो." ते पडवीच्या खाली उतरले आणि कुठूनतरी उडत आलेल्या पत्र्याने त्यांचा खांदा कापला. रस्त्यावर सगळी झाडं आडवी. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांना दवाखान्यात नेता आलं, तोपर्यंत मी सासूबाईंच्या जुन्या लुगड्याने जखम दाबून धरली होती. चौदा टाके पडले. त्यांचा तो हात आजही खांद्याच्या वर जात नाही.

त्यानंतर मला वारा सहन होईना. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आलं, आमच्याकडे त्या मानाने थोडक्यात निभावलं, पण त्या दोन रात्री मी देवघरासमोर बसून काढल्या. पुढे पुढे तर कुठेही भूकंप, पूर, त्सुनामी म्हटलं की टीव्ही बंद करायचा आणि उठून आत जायचं. घरात सगळ्यांना सवय झाली होती. माझ्यासमोर तो विषयच कोणी काढत नसे.

आणि लेकीला नोकरी लागली ती सुराबायाला, जावा बेटावर! नकाशा उघडला आणि पोटात गोळा आला. इंडोनेशियात सव्वाशेच्या वर जिवंत ज्वालामुखी आहेत, त्यातले कितीतरी एकट्या जावावर, रांगेत दिवे लावावेत तसे. ती म्हणाली, आई, तू ये, एक बघून जा, मग तुला माझी कमी काळजी वाटेल. मी वर्षभर नाही म्हणत राहिले.

शेवटी तिने दुसरं काहीतरी केलं. तिथल्या सरकारी ज्वालामुखी विभागाचं पान ती मला रोज सकाळी पाठवू लागली. तिथे प्रत्येक ज्वालामुखीला चार स्तर असतात: नॉर्मल, वास्पादा म्हणजे सावध राहा, सिआगा म्हणजे तयारीत राहा, आणि आवास म्हणजे धोका दारात आला. डोंगराजवळ निरीक्षण चौकी असते. जमिनीची थरथर, धुराचा रंग, उंची, सगळ्याची नोंद होते. आपल्याकडे हवामान खात्याचा हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल असतो ना, तसंच. चार महिने मी चहा घेताना ब्रोमो नावाच्या तिथल्या ज्वालामुखीचा स्तर बघत होते. आपल्याला ज्याची भीती वाटते त्यावर कोणीतरी रात्रंदिवस डोळे लावून बसलेलं आहे, हे रोज बघितल्यावर छातीवरचं दडपण थोडं हललं. गेल्या वर्षी गौरी-गणपती आटोपले आणि मी निघाले.

ब्रोमो २३२९ मीटर उंच आहे. एका प्रचंड जुन्या विवराच्या आत तो उभा आहे, आणि त्या जुन्या विवराच्या काठावर चेमोरो लावांग नावाचं गाव. आम्ही तिथे मुक्काम केला. पहाटे तीनला जीपने वरच्या बाजूला गेलो. थंडी एवढी की बोटं वळेनात. उजाडलं तेव्हा समोर खाली ढगांचा समुद्र, त्यात ब्रोमो धूर सोडत बसलेला, आणि मागे सेमेरू, ३६७६ मीटर, थोड्या थोड्या वेळाने राखेचा एकेक पुंजका वर फेकणारा. सेमेरू म्हणजे आपला सुमेरू आणि ब्रोमो म्हणजे ब्रह्मा. त्या डोंगरात तेंगर लोक राहतात, ते हिंदू. मला एकदम परकं वाटेनासं झालं.

मग जीप खाली उतरली, वाळूच्या मैदानात. त्याला ते 'सेगारा वेडी' म्हणतात. सेगारा म्हणजे सागर, वेडी म्हणजे वाळू. मी खाली वाकून मूठभर उचलली. आपल्या किनाऱ्यावरची वाळू मुठीतून सरसर गळून जाते, लाटांनी दाणा न् दाणा घोळवलेला असतो. ही बोटांना टोचते. कण काळे, कोनदार, काचेच्या चुऱ्यासारखे, नखात शिरले ते दोन दिवस निघाले नाहीत. लेक म्हणाली, ही राखच आहे, भाजलेल्या दगडाचा चुरा.

आणि तिथे तो आवाज आला.

विवरातून वाफ आणि वायू बाहेर पडतात त्याचा सलग घोंघाट असतो. तो हुबेहूब आगरातल्या वाऱ्याचा होता. माझे पाय गेले. मैदानात त्यांचं एक देऊळ आहे, पुरा लुहुर पोतेन, त्याच्या कुंपणाच्या भिंतीला टेकून मी बसले. समोर पाटी होती, त्यावर मोठ्या अक्षरांत 'बहाया'. लेकीला विचारलं तर म्हणाली, धोका. संस्कृतातल्या 'भय'वरून आलाय शब्द.

त्या दिवशी वास्पादा होता, दुसरा स्तर, आणि विवराजवळ जाऊ नये अशी सूचना होती. तरी माणसं अडीचशेच्या आसपास पायऱ्या चढून काठावर जातच होती. लेक म्हणाली, आई, सगळे जातायत, दहा मिनिटांत परत येऊ. मी म्हटलं, तुझे आजोबाही 'एवढं दार लावून येतो' म्हणाले होते. ती गप्प झाली. मग माझ्याशेजारी बसली.

दीड तास बसलो आम्ही तिथे. मी पळाले नाही, डोळे मिटले नाहीत, कानांवर हात ठेवले नाहीत. धडधड वाढली, कमी झाली, पुन्हा वाढली. गंधकाचा वास आला की घसा खवखवायचा, मास्क लावायचा. अंगावर सारोंग (लुंगीसारखं वस्त्र) गुंडाळलेली एक बाई गरम मक्याची कणसं विकत होती. लेकीने तिच्याशी बोलून मला सांगितलं: तिचं बटाट्याचं आणि कोबीचं शेत आहे वर उतारावर. २०१० च्या शेवटी ब्रोमो फुटला तेव्हा सगळं पीक राखेखाली गेलं. पुढे त्याच मातीत पुन्हा लावलं. मी तिला माझ्या फोनमधला आमच्या आगराचा फोटो दाखवला, वादळानंतरचा, मोडलेल्या बुंध्यांचा. तिने फोन हातात घेऊन बराच वेळ बघितला आणि माझ्या मनगटावर हात ठेवला.

विवराच्या काठावर गणपतीची मूर्ती आहे म्हणतात, लोक तिला फुलं वाहतात. मी खालूनच हात जोडले.

भीती गेली असं मी म्हणणार नाही. पण तिथून आल्यापासून एक करते. धडधड सुरू झाली की आधी विचारते, इशारा आहे का? असेल तर तो सांगतो ते करायचं, कोण काय म्हणतं ते ऐकायचं नाही. नसेल तर बसून राहायचं, धडधड आपली आपण ओसरते. इथे अजून कोणाला असं झालंय का, आणि तुम्ही काय करता, ते ऐकायला आवडेल.

खाडीपलीकडची

ताई, वाचताना अंगावर काटा आला. आम्ही मुरूडच्या बाजूचे, तेव्हा आमचंही छप्पर गेलं होतं. वीज किती दिवस नव्हती ते आता आठवतही नाही, पण विहिरीवर पोहऱ्याने पाणी ओढून तळहाताला आलेले फोड आठवतात. एक विचारू का? एवढ्या लांब जाऊन वर गेला नाहीत याची रुखरुख नाही लागली?

पोफळीची_राई

खरं सांगायचं तर विमानात लागली. मुंबईला उतरेपर्यंत होती. घरी आल्यावर मामंजींना सगळं सांगितलं. ते काही बोलले नाहीत, उठले आणि डाव्या हाताने मला शहाळं सोलून दिलं. त्यानंतर नाही लागली.

काळा_कातळ

फार मनापासून लिहिलं आहे. मी रत्नागिरी जिल्ह्यात भूगोल शिकवायचो, आता निवृत्त आहे. दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

पहिली अशी की ताई, तुम्ही ज्वालामुखी बघायला जावाला गेलात, पण तुमचं आगरही ज्वालामुखीच्याच अंगावर आहे. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी इथे लांबच लांब भेगांमधून लाव्हा वाहिला. ब्रोमोसारखा शंकू नव्हता, जमीन उसवल्यासारखी फाटली आणि थरावर थर पसरत गेले. आज उरलेला भागच सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर आहे. घाटातून जाताना सह्याद्रीला ज्या आडव्या पायऱ्या दिसतात ते हे थर. दोन काळ्या थरांच्या मध्ये कुठे कुठे तांबड्या मातीचा पट्टा दिसतो. एक लाव्हा येऊन गेल्यावर पुढचा येईपर्यंत जो काळ गेला त्याची ती खूण आहे. आणि आपला जांभा? तोही बहुतेक त्याच कातळाचा, लाखो वर्षं पावसाने आणि उन्हाने कुजवलेला. तुमच्या घराचे चिरे ज्वालामुखीचेच नातू म्हणा ना.

तेव्हा ज्या उष्ण जागेवरून आपला भूखंड सरकत गेला ती आज हिंदी महासागरात रियुनियन बेटाखाली आहे आणि तिथे अजूनही लाव्हा वाहतो. आपण तिच्यापासून हजारो किलोमीटर दूर आलो आहोत. लोक मला विचारायचे, मग उन्हवऱ्याला, तुरळला, राजवाडीला, राजापूरच्या उन्हाळे गावाला गरम पाणी कसं येतं, खाली अजून आग आहे का? नाही. पाणी भेगांतून खूप खोल जातं, तिथल्या उष्णतेने तापतं आणि दुसऱ्या भेगेतून वर येतं. त्या झऱ्यांना घाबरण्याचं कारण नाही.

दुसरी गोष्ट जरा कडू आहे. ज्वालामुखीचा स्तर हा भरवशाचा आहे, पण पूर्ण नाही. वर चढणारा शिलारस जमीन फुगवतो, थरथरवतो, वायू बदलतो, ते मोजता येतं. पण कधी कधी मुरलेलं पाणी एकदम तापून वाफेचा स्फोट होतो, त्याची चाहूल फार थोडी लागते. जपानच्या ओन्ताकेवर २७ सप्टेंबर २०१४ ला सर्वांत खालचा स्तर होता. शनिवारची दुपार, शिखरावर सहलीला आलेली माणसं. ५८ मृत आणि ५ बेपत्ता. न्यूझीलंडच्या व्हाइट आयलंडवर ९ डिसेंबर २०१९ ला २२ जण गेले. सुमात्रात मरापीवर डिसेंबर २०२३ मध्ये दुसरा स्तर होता, तरी वर गिर्यारोहक होते, आणि वीसहून अधिक तरुण गेले. म्हणून तुम्ही देवळापाशी बसलात ते मला फार बरोबर वाटतं. विवराच्या ओठावर उभं राहण्यासाठी स्तर कितीही खालचा असला तरी थोडकाच वेळ थांबावं, हेल्मेट घालावं, आणि वारा जिकडून येतो त्या बाजूला राहावं.

पोफळीची_राई

काका, चिऱ्यांचं वाचून मी उठून भिंतीला हात लावून आले. मनापासून आभार. मरापीबद्दल लेकीने मला सांगितलंच नव्हतं, आज सांगितलं. तिला माहीत होतं, आणि मी येणार नाही म्हणून ती बोलली नाही. त्यावर आमचं बोलणं झालं.

महाडकर_०५

मी थोडं वेगळं बोलणार आहे, राग मानू नका.

आमच्या तालुक्यात २००५ च्या जुलैत जुई, दासगावला दरडी आल्या. २२ जुलै २०२१ ला तळिये. ऐंशीहून जास्त माणसं एका संध्याकाळी. माझी आतेबहीण दासगावला दिली होती. पुढचं लिहीत नाही.

आमची वाडीही डोंगराच्या पायथ्याला आहे. दर पावसाळ्यात जोराचा पाऊस लागला की आम्ही अंथरूण-पांघरूण घेऊन शाळेत झोपायला जातो. शहरातले नातेवाईक म्हणतात, भीती मनातून काढून टाका. कशाला काढू? ती आहे म्हणून आम्ही उठून शाळेत जातो. जे 'काही होत नाही' म्हणून घरात राहतात त्यांचीच मला काळजी वाटते. मुद्दाम धोक्याजवळ जाऊन मन घट्ट करायची कल्पना मला पटत नाही. आमच्याकडे धोका न बोलावता येतो.

पोफळीची_राई

दादा, राग कसला. तुमचं बरोबर आहे, आणि आतेबहिणीचं वाचून काय लिहावं कळत नाही.

एवढंच सांगते. मला झालं होतं ते उलटं. तुम्ही भीती वाटली की उठून शाळेत जाता. मी उठूच शकत नव्हते. तौक्तेच्या वेळी गावकरी न्यायला आले, शाळेत चला म्हणाले, तर माझे पाय हलेनात. दोन बायकांनी धरून उठवलं, तरी मी देवघर सोडलं नाही, आणि माझ्यामुळे सासूबाई आणि मामंजीही थांबले. वादळ जवळून गेलं असतं तर तिघांच्या जिवावर बेतलं असतं. तसल्या भीतीचं मला काहीतरी करायचं होतं. तुमच्या भीतीला मी हात लावणार नाही.

महाडकर_०५

हे वरती लिहायला हवं होतं ताई. आता समजलं. माझा आक्षेप मागे घेतो.

डोंगराखाली राहणाऱ्यांसाठी लिहून ठेवतो, कारण हा धागा पुढे कोणीतरी वाचेल. जमिनीला किंवा ओट्याला नवी भेग पडली, झाडं किंवा विजेचे खांब कलले, बारमाही झरा एकाएकी आटला किंवा नवीनच जागी पाणी फुटलं, वहाळाचं (ओढ्याचं) पाणी अचानक गढूळ झालं, दारं-खिडक्या चौकटीत अडकायला लागल्या, तर सकाळची वाट बघू नका. निघा. वहाळाच्या कडेने धावू नका, बाजूला सरा. आमच्या वाडीत आता दोन पोरं रोज वर जाऊन भेगांना खुंट्या ठोकून अंतर मोजतात. वहीत लिहितात.

काळा_कातळ

खुंट्यांची पद्धत उत्तम. आडव्या भेगेच्या दोन्ही बाजूंना खुंटी, आणि मोजमाप रोज त्याच माणसाने, त्याच दोरीने. वहीचे फोटो तलाठ्याकडे देत जा.

घाटावरची_माहेरवाशीण

माझ्या आईला दमा आहे आणि तिला हे सगळं बघायची फार इच्छा. नेऊ का?

पोफळीची_राई

ब्रोमोच्या मैदानात नको. गंधकाचा वायू आणि राखेची धूळ दम्याला वाईट, मलाच दोन दिवस खोकला होता. वरच्या बाजूच्या ठिकाणी पहाटे नेता येईल, तिथून लांबून दिसतो, पण थंडी आणि उंची दोन्ही आहे, आधी डॉक्टरांना विचारा. बंद बूट, कानटोपी, डोळ्यांना चष्मा, चांगला मास्क. एप्रिल ते ऑक्टोबर कोरडा हंगाम असतो.

आगबोट

आपल्या देशातला जिवंत ज्वालामुखी बघायचा असेल तर अंदमानातलं बॅरन बेट. पोर्ट ब्लेअरपासून (आता श्री विजयपुरम) समुद्रातून सुमारे १३८ किलोमीटर. १७८७ मध्ये त्याच्या उद्रेकाची नोंद आहे, पुढे बराच मोठा काळ तो शांत होता, आणि १९९१ पासून पुन्हा जागा. बेटावर उतरायला मिळत नाही, बोटीतूनच बघायचं. ज्यांना भीती वाटते त्यांच्यासाठी मधला समुद्र बरा.

वाशिष्ठीकाठ

खूप वेळ लिहू की नको चाललं होतं.

मी चिपळूणचा. २२ जुलै २०२१ ला दुकानात आणि खालच्या घरात पाणी होतं, आम्ही पाच जण माळ्यावर. रात्रभर खालून फ्रीज भिंतीला आपटत असल्याचा आवाज येत होता, पाण्यात तरंगत. मी तेव्हा बारावीत होतो. आता नोकरी करतो. पण पाऊस जोरात लागला की झोप येत नाही, सारखा उठून जिन्याच्या पायऱ्या बघतो, ओल्या आहेत का. घरच्यांना सांगितलेलं नाही. ते म्हणतील, सगळ्यांचंच झालं, तुझं काय वेगळं.

खाडीपलीकडची

वेगळं काही नसलं तरी त्रास तुझाच आहे ना रे. सरकारची मनाच्या आरोग्याची हेल्पलाइन आहे, टेलिमानस, १४४१६. पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. मी स्वतः वादळानंतर जिल्ह्याच्या दवाखान्यात जाऊन औषध घेतलं होतं, आठ महिने. गावात कोणाला माहीत नाही, इथे पहिल्यांदा सांगते आहे.

पोफळीची_राई

बाळा, जिन्याच्या पायऱ्या बघतोस ते मला कळतं. मी उठून खिडकीची कडी बघायचे, रात्रीत दहादा.

एक करून बघ. झोपायच्या आधी एकदा हवामान खात्याचा रंग बघ आणि वाशिष्ठीची पातळी बघ, कागदावर लिही, कागद उशाशी ठेव. जाग आली की आधी कागद वाच. पायऱ्या बघाव्याशा वाटल्या तर बघ, पण कागदानंतर. आणि घरात एकाला तरी सांग. मी लेकीला सांगितलं नसतं तर ती रोज सकाळी मला ते पान पाठवत बसली नसती. वर ताईंनी दिलेला नंबरही लावच, त्याला कागद पुरायचा नाही.

महाडकर_०५

आणि लाल रंग असला तर कागद बाजूला ठेवून आधी सामान वर चढव.

खाडीपलीकडची

ताई, नव्या पोफळी लावल्यात का?

पोफळीची_राई

लावल्या ना. पहिल्या वर्षी रोपं मिळेनात, सगळ्यांनाच हवी होती. मग आमच्याच वाचलेल्या जुन्या झाडांची सुपारी मामंजींनी रुजत घातली, एका हाताने. एकशेवीस लावल्या, नव्वद जगल्या. मध्ये केळी आहेत सावलीला. दोन पोफळींना या वर्षी पहिलं शिंपुट (फुलोरा) आलंय, बाकीच्यांना अजून दोन-तीन वर्षं. सासूबाई रोज सकाळी जाऊन बघतात.

वाशिष्ठीकाठ

आठ दिवसांनी लिहितोय.

बहिणीला सांगितलं. ती म्हणाली, तिलाही तो फ्रीजचा आवाज येतो. मला वाटत होतं मी एकटाच.

१४४१६ ला दोनदा बोललो. काल रात्री आमच्याकडे धो धो होता. रंग पिवळा होता, पातळी इशाऱ्याच्या खाली, कागदावर लिहून ठेवली होती. अडीचला जाग आली. कागद वाचला. जिन्यापर्यंत गेलो, पायऱ्या कोरड्या होत्या, तिथेच दोन मिनिटं बसलो. मग सव्वासहालाच जाग आली, आईने चहाला हाक मारली तेव्हा.